राखणीचा भोपळा

"हेमे, मोठी पाटी आण गं! ही पुरंना!"

परसातून दादांची हाक आली तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. नुकतं कुठं उजाडलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच लेकीच्या घरी मुक्कामाला आलेला बाप इतक्या सकाळी परसात काय करतोय, म्हणून मी पिठाच्या हातांनीच मागच्या दारी गेले.

दादा वाफ्यांच्या मधोमध उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय चिखलात, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पुढ्यातल्या पाटीत गवार, भेंडी, काटेरी देठांची वांगी आणि अंगावर अजून दव असलेल्या काकड्या. पाटी शीग लागून सांडायला आली होती, आणि दादांचा चेहराही तसाच.

"एक तोडावं तर पानाआड दुसरं," ते म्हणाले. "दुसऱ्याला हात घालावा तर तिसरं वाकून बघतंय. काय म्हणावं गं याला?"

"चैताची भाजी म्हणावं," मी हसून म्हटलं.

आमचं माहेर बार्शीचं. दादा एसटीच्या डेपोत टायरच्या खात्यात होते. रबराच्या आणि ग्रीसच्या वासात त्यांची सगळी उमर गेली. चाळीत आमच्या दारापुढं फरशी, फरशीपुढं गटार आणि गटारापलीकडं डेपोची भिंत. पाणी टँकरचं. डालड्याच्या डब्यात एक तुळस होती, तिला दादा तोंड धुतलेलं पाणी घालायचे आणि वर तिची माफी मागायचे. भाजी म्हणजे मंडईत संध्याकाळी उरलेली. त्यामुळं आदल्या सांजेला माझ्या सासूबाईंनी त्यांना परस दाखवायला नेलं, तेव्हा तो माणूस बोलायचाच थांबला होता.

आमचं सासरचं गाव जावळीत, कुडाळी नदीच्या काठाला. घरामागं उतार, उताराच्या पायथ्याला पाट, आणि घर ते पाट एवढ्या तुकड्यात आत्याबाईंचं परस. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. त्यांचं नाव यशोदा. अंगानं वाळलेल्या शेंगेसारख्या, बोलायला तिखट. पण परसात शिरल्या की चाल बदलायची. पाय टाकायच्या ते झोपलेल्या पोराजवळून जावं तसे.

सांजेच्या वेळी दोडक्याची पिवळी फुलं उमलतात आणि दुधी भोपळ्याची पांढरी. उजेड सरत जातो तशी ती फुलं जास्तच पांढरी दिसायला लागतात. दादा मांडवाखाली उभे राहून एकटक वर बघत राहिले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही देवाच्या घरात राहता."

"देवाच्या कुठलं, शेणाच्या!" आत्याबाई म्हणाल्या. "किती पाट्या खत घातलंय ते इचारा ह्या हेमाला. हिची कंबर अजून सांगतीय."

दादा खो खो हसले. मग आत्याबाईच म्हणाल्या होत्या, "सकाळच्याला तुमच्या हातानं काय वाटंल ते तोडा, पावणं. परस तुमचंच हाय."

तर त्या शब्दावर दादा पहाट फुटल्याबरोबर परसात उतरले होते.

मी मोठी पाटी आणायला वळले, तर मागून म्हणाले, "थांब, आधी हा घे. मोठ्या मानाचा आहे."

ते मांडवाकडं गेले आणि खाली गवतावर ठेवलेला एक दुधी भोपळा दोन्ही हातांत घेऊन आले. हातभर लांब, मानेशी बारीक, अंगावर फिकट रेघा, बाळाच्या दंडावर असते तशी बारीक लव. देठाला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली.

मी ती चिंधी ओळखली.

"हा तुम्ही बांधूनच ठेवला होता," दादा कौतुकानं म्हणाले. "आमच्या डेपोत तसंच असतं. टायर तपासून तयार झाला की त्याला चिंधी बांधायची. म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं बिनघोर उचलायचा. मी म्हटलं, बघा, विहीणबाईंनी पाहुण्यासाठी निवडून ठेवलाय!"

आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की वेलीवर चिंधी दिसली की त्या फळाकडं हात न्यायचा नाही. ते राखणीचं. वेलीचं पहिलं, सगळ्यात देखणं फळ बियाणासाठी राखायचं. ते तोडायचं नाही, खायचं नाही. वेलीवरच पिकू द्यायचं, वाळू द्यायचं, आत बी खुळखुळायला लागलं की मगच उतरायचं. आणि हा भोपळा तर आत्याबाईंच्या आईच्या वाणाचा. तिनं लेकीच्या लग्नात ओटीत घातलेलं बी. मागल्या साली भोपळ्यात बी कमी भरलं, त्यातलं उंदरांनी खाल्लं, राहिलेलं लावलं तर एकच कोंब वर आला. त्या एका वेलीवर धरलेलं हे पहिलं फळ. आत्याबाई रोज सकाळी तिच्या आळ्यात पाणी सोडताना तिला गाणं म्हणायच्या.

*माझ्या परसात बाई, वेल मांडवाला गेला,*
*फुलाच्या गं पाठीवर जीव इवलासा आला.*

तेवढ्यात गोठ्याकडून आत्याबाई आल्या. हातात धारेची चरवी. आधी त्यांनी पाटी बघितली आणि हसल्या. मग दादांच्या हातातला भोपळा बघितला. मग चिंधी.

चरवी त्यांनी हळूच खाली ठेवली. दुधावरचा फेस विरत गेला, तेवढा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मांडवाकडं एकदा मान गेली, परत आली. मी मनात म्हटलं, आता. आता ही बाई तोंड उघडणार आणि माझा बाप या परसात आहे तिथंच खचणार.

"झ्याक केलंत, पावणं," आत्याबाई म्हणाल्या. "कवळा हाय तवरच खाल्लेला बरा."

आणि त्यांनी पुढं होऊन तो भोपळा घेतला. एक हात मानेखाली, एक खाली, तान्हं घेतात तसा.

आत आल्या तर आमचे हे अंथरुणातून उठून चुलीपाशी आले होते. त्यांनी भोपळा बघितला आणि ओरडलेच, "आई, अगं हा राखणी—"

"तोंड धुऊन ये जा आधी," आत्याबाईंनी त्यांना तिथंच तोडलं. "वास मारतंय."

हे बाहेर गेले ते थेट मांडवापाशी. थोड्या वेळानं आत आले, आईच्या कानाशी वाकून म्हणाले, "वेलसुद्धा गेली गं. बुडापाशी पिचलीय. दादा दगडावर चढले असणार, पाय निसटला असणार, वेलीलाच धरलं असणार. तिथं खुणा आहेत."

"बघितलं मी," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी विळी पुढं ओढली.

भोपळा पात्यावर धरला. मधोमध उभा चिरला तेव्हा आतलं पांढरं शुभ्र अंग उघडं पडलं आणि त्यात बियांच्या ओळी. बिया कसल्या, नुसते दुधाचे पापुद्रे. आत्याबाईंनी त्यातली एक नखानं दाबली. पाणी झालं. दुसरी दाबली. तिचंही पाणी झालं. मग त्यांनी बोट पदराला पुसलं.

"आत्याबाई," मी म्हणाले. "त्यांना ठाऊक नव्हतं हो. मी सांगते त्यांना. ते तुमच्या पाया पडतील."

"काय सांगशील?"

"की हा राखणीचा होता."

"आन मग?" त्यांनी विळीवरून मान वर केली. "त्यो माणूस माझ्या घरात परत कंदी हातानं पाण्याचा तांब्या तरी घील का? लेकीकडं यायचं म्हनलं तर दहा येळा इचार करंल. खबरदार एक शब्द काढशील तर. तू न्हाई, आन त्यो बी न्हाई." हा 'त्यो' म्हणजे त्यांचा मुलगा. "त्येंच्या ताटात पडायच्या आधीच घास कडू करायचा न्हाई."

"पण बी?"

"बियाचं माझं मी बगीन. तू डाळ भिजत घाल."

दुपारी दादांचं ताट आत्याबाईंनी स्वतः वाढलं. हरभऱ्याची डाळ घातलेली भोपळ्याची भाजी, तव्यावर परतलेली गवार, काकडीची कोशिंबीर, आणि भोपळ्याच्याच किसाची खीर. दादांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. यांनी पानात खाली मान घातली. मी दारामागं उभी होते.

"साखर किती घातली हो यात?" दादांनी भाजीबद्दल विचारलं.

"चिमूटभर बी न्हाई. त्यो त्याचाच गोडवा."

"असं?" दादा घासाकडं बघत राहिले. "आम्ही आजवर भोपळा म्हणून जे खाल्लं ते काय होतं मग?"

"त्ये भोपळ्याचं टायर असंल," आत्याबाई म्हणाल्या. दादांना हसता हसता ठसका लागला. हेही हसले. मला मात्र हसू आणि रडू एकाच वेळी आलं.

मग ताट चाटूनपुसून झाल्यावर दादांनी हात जोडले.

"विहीणबाई, एक मागू? याचं बी द्या मला थोडं. उद्या रात्रीच्या गाडीनं निघतो, जाताना द्या. डालड्याचा एक डबा आहे मोकळा. चाळीच्या पत्र्यावर चढवतो वेल. शेजारच्यांना बोलवून खायला घालतो."

बाहेर पाटाचं पाणी वाजत होतं.

"देईन की," आत्याबाई म्हणाल्या. "न देऊन कसं चालंल? वाणाचं बी मागणाऱ्याला न्हाई म्हणू ने. जाताना घिऊन जा."

बी तर त्यांनी सकाळी नखाखाली पाणी होताना बघितलेलं. तरी शब्द देऊन मोकळ्या झाल्या.

उन्हं कलली तशी वेलीनं मान टाकली. सकाळपर्यंत तरारलेली पानं ओल्या फडक्यासारखी मांडवावरून लोंबायला लागली. दादांना ते दिसलं.

"अरेरे, उन्हानं मलूल झाली बिचारी," म्हणाले, आणि कुणी काही म्हणायच्या आत बादली घेऊन पाटावर गेले. एक बादली आळ्यात ओतली, परत गेले, दुसरी आणली. साठीकडं झुकलेला माणूस उतारावरून बादल्या वाहत होता, धापा टाकत होता, आणि वेलीला म्हणत होता, "पी बाई, पी. तुझं खाल्लंय मी आज."

मी मागच्या दारात चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता धावत जावं आणि त्यांच्या हातातली बादली काढून घ्यावी. पण आत्याबाई माझ्या आधी तिथं पोचल्या. दादांच्या बाजूला उकिडव्या बसल्या आणि हातानं आळ्याची माती नीट करायला लागल्या. पाणी मुळापाशी जावं म्हणून चर केला. मेलेल्या वेलीला दोघं मिळून पाणी पाजत होती. एकाला ठाऊक होतं, एकाला नव्हतं.

"आणखी घालू का?" दादांनी विचारलं.

"घाला, पावणं. गार वाटंल तिला," आत्याबाई म्हणाल्या.

त्या सांजेला वेलीवरच्या शेवटच्या कळ्या तरीही उमलल्या. बुडाशी तुटलेल्या वेलीत तेवढं बळ कुठून उरलं होतं कोण जाणे. लोंबलेल्या पानांवर ती पांढरी फुलं, आणि खाली ती दोन माणसं. याला आता कितीतरी वर्षं झाली, दादा गेले, आत्याबाई गेल्या. दादांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. पण ती फुलं आठवली की आजही मी हातातलं काम ठेवून थोडी बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. "चल माझ्यासंगं," मला म्हणाल्या.

"कुठं?"

"रांजणीला."

यांनी दाढी करता करता आरसा खाली ठेवला. "मावशीकडं?"

"का? वाट बंद झालीय का?"

रांजणीत आत्याबाईंची पाठची बहीण होती, अंजना. एवढं मला ठाऊक होतं. ती आमच्या लग्नाला आली नव्हती आणि तिचं नाव या घरात निघत नव्हतं, एवढंही ठाऊक होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. नव्या सुनेनं जुनी भांडणं उकरू नयेत एवढी अक्कल मला आईनं दिली होती.

दादांना "देवदर्शनाला जातो" सांगून आम्ही निघालो. डोंगराची सोंड चढून पलीकडं उतरायचं. पळस सगळा फुलून गेला होता, जाळ्यांना करवंदाची हिरवी कच्ची पोरं लागली होती. चढावर आत्याबाई दम खायला थांबल्या आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आईनं आमा दोघींच्या ओटीत एकाच भोपळ्याचं बी घातलं हुतं. मूठ करून निम्मं मला, निम्मं तिला. तिच्याकडं असंल."

"देतील का त्या?"

"देती का न्हाई ते तिचं ती बगंल. मागायचं माझ्याकडं हाय, ते मी करते."

उतारावरून रांजणीचं घर दिसलं आणि मी चालता चालता थांबले.

घरामागं एवढा मोठा मांडव होता की घर त्याच्या कडेला टेकून बसल्यासारखं दिसत होतं. आणि त्या मांडवातून खाली भोपळेच भोपळे. तीच बारीक मान, त्याच फिकट रेघा, तीच लव. करंगळीएवढे, दंडाएवढे, मांडीएवढे. कुठं फुलाचं सुकलेलं टोपरं अजून टोकाला चिकटलेलं. वाऱ्याची झुळूक आली की सगळे मिळून जरासे हलायचे आणि त्यांच्या सावल्याही खाली सारवलेल्या अंगणात हलायच्या. भरल्या गोठ्यात उभं राहिल्यावर येते तशी काहीतरी जिवंत, ऊबदार जाग त्या मांडवाखाली होती. काल ज्याचा शेवट मी विळीवर बघितला, ते इथं असं हजार अंगांनी लोंबत होतं. मी चपला काढल्या. का काढल्या ते सांगता यायचं नाही.

मांडवाखाली एक बाई सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आत्याबाईंचाच तोंडवळा, अंगानं थोडी भरलेली. कपाळ मोकळं. तिनं आम्हाला बघितलं, पण हातातली शेंग सोलून पुरी केली.

"वाट चुकलीस व्हय?" ती म्हणाली.

"न्हाई. वाटंनंच आले."

"मग वाटंला लई वर्सं लागली."

"लागली खरी," आत्याबाई म्हणाल्या आणि कुणी बस म्हणायच्या आधीच जमिनीवर बसल्या. मीही बसले.

अंजनामावशींनी उठून पाणी आणलं. आधी मला दिलं. मग तांब्या बहिणीपुढं ठेवला, हातात दिला नाही.

"ही सून?"

"व्हय. हेमा."

"काय काम काढलंस?"

"बी मागाय आले."

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "भोपळ्याचं? तुझं काय झालं?"

"गेलं. वेल बी गेली."

"तुझं गेलं?" मावशी हसल्या, पण ते हसू ऐकवत नव्हतं. "अगं, राखणीच्या फळापाशी तू सापागत बसणारी बाई! परक्याच्या हाताची सावली पडली तर फणा काढणारी! इसरलीस? का मी आठवण करून देऊ?"

"दे," आत्याबाई म्हणाल्या.

मावशींनी सूप बाजूला सारलं. त्या आता माझ्याकडं बघून बोलायला लागल्या. "ऐक गं पोरी, तुझ्या सासूचा गुण. आमचं मालक हिच्या परसात गेलं. चेष्टेखोर माणूस. हिला चिडवावं म्हणून राखणीची एक काकडी तोडली आन खात खात वर आलं. एक काकडी. ही कशी बोलावी? पंगत बसलेली, गावचं चार लोक पानावर. ही भात वाढता वाढता म्हणाली, 'ज्याच्या हाताला दम न्हाई त्येच्या ताटात काय वाढायचं?' माझं माणूस भरल्या ताटावरनं उठलं. हात बी धुतला न्हाई. पुना तुझ्या उंबऱ्याला शिवलं न्हाई, यशे. मी म्हनलं, जाऊ द्या. तर म्हनायचं, 'भूक लागली की मला त्ये ताट दिसतंय गं अंजे.' तसंच गेलं त्ये. मनात घिऊन गेलं."

मांडवात कुठंतरी भुंगा घुमत होता. आत्याबाईंनी मान खाली घातलेली नव्हती. त्या बहिणीच्या तोंडाकडं सरळ बघत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

कालची चरवी, फेस विरेपर्यंतचा तो गप्पपणा, 'झ्याक केलंत पावणं', मला सगळं त्या क्षणी कळलं. कुणाच्या ताटाकडं बघत त्या माझ्या बापाला वाढत होत्या, तेही कळलं.

"आता सांग," मावशी म्हणाल्या. "राखणीचा भोपळा गेला तो कसा? तुझ्या परसात हात घालायची छाती कुणाला झाली? कुणी तोडला?"

माझं तोंड उघडलं. वाटलं, सांगावं, हिला तरी खरं कळावं. पण शब्द बाहेर यायच्या आत आत्याबाईंचा हात माझ्या गुडघ्यावर पडला.

"मी," त्या म्हणाल्या.

"तू?"

"मीच तोडला. वय झालं. चिंधी दिसली न्हाई. पाय घसरला, वेल पिचली." आणि जरा थांबून म्हणाल्या, "माझ्याच हाताला दम न्हाई ऱ्हायला, अंजे."

मावशी बहिणीकडं बघत राहिल्या. पानांच्या सावल्या दोघींच्या तोंडांवरून सरकत होत्या. आत्याबाईंच्या हातानं आजवर परसातलं एक पानही उगाच तुटलेलं नाही, हे मावशींना माझ्याहून चांगलं ठाऊक असणार. मग त्यांची नजर माझ्याकडं वळली. माझे कान तापले होते. मी मान वर करू शकले नाही.

"म्हायेर कुठलं गं तुझं?" त्यांनी विचारलं.

"बार्शी."

"कोन आलंय का म्हायेरचं?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या मांडवाकडं बघत होत्या.

"वडील आलेत," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."

मग मावशींनी विचारलं, आणि या वेळी त्यांचा आवाज साफ निराळा होता, "जेवलं का गं पोटभर?"

"हो," मी म्हणाले. "ताट पुसून जेवले. हात जोडले जेवून झाल्यावर."

अंजनामावशींनी पदर तोंडाला लावला. रडल्या म्हणावं तर आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. आत्याबाई सरकत सरकत बहिणीजवळ गेल्या आणि पाठीवर हात ठेवला. मावशींनी तो झटकला. आत्याबाईंनी परत ठेवला. मग मावशींनी राहू दिला.

थोड्या वेळानं मावशी नाक ओढत उठल्या. आढ्याला टांगलेला एक वाळका भोपळा त्यांनी काठीनं उतरवला. तपकिरी, कडक, हलका. माझ्या कानापाशी आणून हलवला. आत बी खुळखुळलं. मूठभर धान्य कुणी घुंगरात भरावं तसा तो आवाज. इतक्या वाळक्या, मेल्यासारख्या वस्तूच्या पोटातून तो यावा याचंच मला नवल वाटत राहिलं.

"पदर पसर," त्या म्हणाल्या.

"मला नको, आत्याबाईंना द्या," मी म्हणाले.

"तिला कशापायी? तिची ओटी आईनं भरलीया. एका ओटीत दोनदा बी घालत न्हाईत. पसर तू."

मी पदर पसरला. त्यांनी भोपळा त्यात ठेवला, वर वालाची मूठ टाकली, आणि कुंकवाचा करंडा उघडून लावायला बोट उचललं ते मधेच थांबवून बहिणीला म्हणाल्या, "तू लाव." आत्याबाईंनी ते बोट धरलं, करंड्यात बुडवलं आणि बहिणीच्याच बोटानं माझ्या कपाळाला टेकवलं.

"निम्मं बापाला दे तुझ्या," मावशी म्हणाल्या. "मागितलं असणारच त्येनं. त्ये खाऊन कुणी गप बसत न्हाई."

मग बहिणीकडं वळल्या. "आता जेवल्याबगार जायचं न्हाई. चुलीवर भाकरी हायेत, भाजी न्हाई. ऊठ. तोड एखादा."

आत्याबाई उठल्या. मांडवाखाली गेल्या. मान वर करून इकडून तिकडं बघत राहिल्या. हात वर केला, पण तो देठापर्यंत जाईना. एवढ्या भोपळ्यांमध्ये माझी सासू हात वर करून नुसती उभी होती. पहिल्यांदा मांडवाखाली आलेल्या पोरीसारखी.

"ह्यो... ह्यो राखणीचा न्हाई न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

अंजनामावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. डोळे अजून ओलेच होते.

"आज तुझ्यापसनं राखून ठेवायचं ह्या घरात काय बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तोड, आक्का."

आत्याबाईंनी देठ मोडला. वजन गेलं तशी वेल झोका घेऊन वर गेली, तिच्यासंगं सगळा मांडव हलला, आणि आमच्या तिघींच्या अंगावर पिवळं, पांढरं, बारीक असं काय काय पडत राहिलं.